बापू मानकर बालमंदिरात बसतात

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बापू मानकर बालमंदिरात जायला लागले. कुणाला पोचवायला नव्हे, बसायला. सतरंजीवर मांडी घालून, काळी टोपी डोक्यावर, छत्री शेजारी आडवी, साडेतीन-चार वर्षांच्या पोरांच्या रांगेत. हे सगळं माझ्यामुळे झालं असं आमच्या चाळीत अजून सांगतात, म्हणून मीच काय ते नीट सांगून टाकते. नीट म्हणजे मला कळलं तितकं. त्या तीन महिन्यांत कोण काय म्हणत होतं नि मी कुणाचं ऐकत होते, याचा माझा गोंधळ अजून सुटलेला नाही.

बापू आमचे शेजारी. मुगभाटातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली, आमच्या खोलीला लागून. एकेकाळी मानकरांचं ठाकुरद्वारला स्वतःचं दुमजली घर होतं, दारात घोडागाडी होती, असं ते सांगत. वडिलांच्या काळात घर गेलं, गाडी त्याआधीच गेली. बापूंनी माझगावला गोदीत पस्तीस वर्षं कारकुनी केली आणि लग्न करायचं राहून गेलं. 'राहून गेलं' हे त्यांचेच शब्द, छत्री कुठेतरी विसरावी तसं म्हणायचे. एक पुतण्या खारला होता. तो दिवाळीला कॅलेंडर पाठवी.

या माणसाचा एकच मंत्र होता, "आतून बघायला हवं." बाहेरून जगातली प्रत्येक वस्तू चांगली दिसते, असं त्यांचं ठाम मत. लाकडी कपाट घ्यायला गेले तेव्हा आत उभे राहून दार ओढून घेतलं नि पाच मिनिटं बाहेरच आले नाहीत. दुकानदार घामाघूम झाला. चाळीत पाण्याची नवी टाकी बसली तेव्हा सगळ्यांनी नारळ फोडला, बापू शिडी लावून टाकीत उतरले. कोपऱ्यावर नवं हॉटेल निघालं तर आधी मुदपाकखान्यात जाऊन आले आणि जन्मात तिथे परत पाऊल ठेवलं नाही. काय बघितलं ते विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, तू जेवायची आहेस ना अजून? मग नको."

आता माझं सांगते. मला त्या सत्तावन्न सालच्या जूनपासून सकाळच्या शाळेत मास्तरीण म्हणून नोकरी लागली होती. ट्रेनिंग करून चार वर्षं मी वाट बघत होते, हो! तेवढ्यात आमची बेबी झाली नि सगळं मागे पडलं. आता कुठे बोलावणं आलं, तर सासूबाईंनी अट घातली.

"अगो, नोकरी कर, मी काय नाही म्हणत्ये? पण पोरीला जूनपासून शाळेत घाल. माझे गुडघे तिच्यामागे धावायचे नाहीत."

मी म्हटलं, "सकाळी तर ती बापूंकडेच असते."

"तेच तर म्हणत्ये. बापूंकडे राहून राहून पोरीची म्हातारी झालीय!"

यात खोटं काहीच नव्हतं. बेबी सकाळी नऊला बापूंच्या खोलीत जायची ती जेवायलाच परत यायची. बापू तिला मोठ्याने पेपर वाचून दाखवत. चाळीत तिच्या वयाचं दुसरं मूल नव्हतं. परिणामी साडेतीन वर्षांची आमची मुलगी खाली बसताना "हुश्श" करायची. पाहुण्याने लिमलेटची गोळी दिली तर म्हणायची, "नको. पित्त होतं." एकदा चौपाटीवर तिच्याएवढी एक मुलगी बादली घेऊन जवळ आली, तर आमचं रत्न तिला विचारतं, "कुठे असता आपण हल्ली?" ती पोर रडत आईकडे पळाली. मला हसावं की रडावं कळेना.

म्हणजे मामला असा होता. जूनपर्यंत बेबी बालमंदिरात गेली तर माझी नोकरी, नाहीतर नोकरीवर पाणी.

साधं काम वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण विचारायला निघाले आणि डोकं फिरायची पाळी आली. कुणी म्हणे बालमंदिर, कुणी म्हणे शिशुविहार, कुणी म्हणे माँटेसरी, कुणी म्हणे केजी. चौघांत फरक काय ते सांगणाऱ्या चौघांनी चार प्रकारे सांगितला. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, इंग्रजीत घाल, पुढे अडत नाही. त्यांचेच यजमान म्हणाले, मराठी राज्यासाठी इतकी माणसं रस्त्यावर उतरली ती पोरांना इंग्रजीत घालायला का?

आमच्या ह्यांना विचारलं तर हे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेला निघाले होते. चप्पल घालता घालता म्हणाले, "आधी मुंबई कुणाची ते ठरू दे. मग कुठल्या भाषेत घालायचं ते बघू."

"अहो, पोर साडेतीन वर्षांची आहे! दिल्ली ठरवीपर्यंत तिचं लग्न होईल."

"तसं झालं तर मंगलाष्टकं मराठीतच होतील," म्हणाले नि गेले. पुरुषांना बरं असतं, सभा असते.

त्यात एप्रिलमध्ये नवे पैसे येणार होते. फी आण्यांत सांगितलेली, भरायची नव्या पैशांत. तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे, आणि सहा आण्यांचे? अडतीस म्हणाल तर चुकलात, सदतीस. एक पैसा कुठे गेला ते सरकारला ठाऊक. मी स्वतः गणित शिकवायला निघालेली बाई, मला रात्री स्वप्नात आणे दिसायला लागले होते.

अशा वेळी बापू दारात उभे राहिले आणि म्हणाले, "सूनबाई, तू कशाला उन्हातान्हात हिंडतेस? मी रिकामाच आहे. मी आतून बघून येतो."

मला वाटलं, देव पावला.

पहिलं बालमंदिर कांदेवाडीच्या बाजूला होतं, कुमुदबाई म्हणून एक विधवा बाई चालवायच्या. मार्चातला एक दिवस बापू सकाळी आठला टोपी-कोट चढवून गेले. दुपारी एक वाजून गेला तरी पत्ता नाही. आले ते उन्हाने लाल झालेले. मी पाणी दिलं, गूळ दिला, विचारलं, "कसं आहे?"

"बाईंना म्हटलं, मला मूल समजा. मुलांबरोबर बसवा. बसवलं त्यांनी."

"अहो पण कसं आहे?"

बापूंनी गुळाचा खडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "जमायचं नाही. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत."

"मग?"

"विषम."

आता यावर कुणी शहाण्या बाईने काय करावं? मी मान हलवली. जुनी घराणी, त्यांच्यात काही पद्धत असेल, असं वाटलं. बावळट मी.

मग रांगच लागली. चर्नी रोडच्या एका बालमंदिरातून बापू दहा मिनिटांत परत आले. तिथल्या बाईंनी कौतुकाने सांगितलं की आमच्याकडे गाणी दोन भाषांत घेतो, आमचं बालमंदिर द्विभाषिक आहे. झालं! मराठी-गुजराती एकत्र बांधलेल्या आमच्या नव्या राज्याला दिल्लीने हेच नाव दिलेलं, बापू म्हणे ताडकन उठले. "बाई, हा शब्द मी दिल्लीकडून ऐकून घेतला नाही, तुमच्याकडून का घेऊ?" असं म्हणून छत्री उचलून चालते झाले. ह्यांना ही गोष्ट इतकी आवडली की हे सभेत सांगून आले. इकडे माझी एक शाळा गेली.

चौपाटीच्या बाजूच्या इंग्रजी केजीत मी मुद्दाम बरोबर गेले. गुळगुळीत फरशी, भिंतीवर ससे, फ्रॉकवाली मॅडम. फी ऐकून मी पदर तोंडाला लावला. मॅडमने बेबीला इंग्रजीत नाव विचारलं. बेबीने तिच्याकडे नीट पाहिलं नि म्हणाली, "बसा ना. उभ्या का?" तोवर बापू लहान मुलांच्या एका खुर्चीत बसून बघत होते. बसले ते बसले, पण उठले तेव्हा खुर्चीही बरोबर उठली. मी एका बाजूने ओढत्ये, शिपाई दुसऱ्या बाजूने ओढतोय, मॅडम "ओ माय, ओ माय" करतेय. सुटल्यावर बापू टोपी सरळ करून गंभीरपणे म्हणाले, "अरुंद आहे." शाळा की खुर्ची ते मी विचारलं नाही.

मग ट्रॅमने लालबागला. तिथे गिरणीकामगारांच्या चाळीत तालमीच्या जागेत बालवाडी भरायची. तिथली पोरं मधल्या सुट्टीत मोर्चा मोर्चा खेळत होती. बापूंना त्यांनी पोलीस केलं, कारण छत्री त्यांच्याकडेच होती. पोरं ओरडत होती, "खाऊ मिळालाच पाहिजे!" बापूंनी म्हणे लाठीमार न करता खिशातले दाणे वाटले आणि स्वतःच मोर्चात सामील झाले. घसा बसवून घरी आले. इतके खूश होते की मला वाटलं, चला, ठरलं. तर म्हणाले, "झकास आहे. पण लांब."

"बापू, लांब आहे हे जायच्या आधी माहीत नव्हतं का?"

"आतून कळलं," म्हणाले.

दादरला माँटेसरी होती. तिथे दोन तास बसून त्यांनी बटणं लावली, नाड्या बांधल्या, ठोकळे रचले. "मला फुलगाठ येत नव्हती, सूनबाई. तिथे शिकलो," असं सांगून बुटाची नाडी सोडून परत बांधून दाखवली. पण तीही नापास. का? तर तिथे प्रत्येक मुलाची चटई वेगळी. "एकेकटी बसवतात गं. आपापलं काम करा म्हणतात. आपापलं काम काय, पुढे जन्मभर करायचंच आहे."

अजून दोन पाहिली, त्यांची कारणं मी आता विसरले. एकात घड्याळ पुढे होतं एवढं आठवतं. एप्रिल संपला, बालमंदिरांना सुट्टी लागली. मे महिनाभर बापू म्हणत, "विचार चालू आहे." बेबी पण म्हणायची, "विचार चालू आहे." दोघं पेपर पुढ्यात घेऊन बसलेली असायची आणि मी दाराशी उभी राहून दातओठ खायची.

जूनचा पहिला आठवडा उजाडला. चार दिवसांवर माझी शाळा आली. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मग कळवून टाक त्यांना. पुढच्या वर्षी बघू म्हणावं."

पुढच्या वर्षी! पुढच्या वर्षी कोण जागा धरून ठेवणार होतं माझ्यासाठी? माझं डोकंच भडकलं. बापूंवर, ह्यांच्यावर, दिल्लीवर, सगळ्यांवर. सगळ्यात जास्त स्वतःवर. एका रिकामटेकड्या म्हाताऱ्याच्या हातात पोरीचं नि माझं नशीब देऊन तीन महिने बसले होते मी! बेबीला उचललं, केससुद्धा विंचरले नाहीत, आणि सगळ्यात जवळची म्हणून तडक कांदेवाडी गाठली. म्हटलं, विषम तर विषम.

जिना चढताना मी रागारागाने पायऱ्या मोजल्या. बारा होत्या. पुन्हा खाली उतरून मोजल्या. बाराच.

कुमुदबाई वर जाजमं झटकत होत्या. गोऱ्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेला. मी धापा टाकत म्हटलं, "बाई, उशीर झालाय मला ठाऊक आहे, पण कसंही करून एक जागा..."

"नाव काय?"

"बेबी. म्हणजे शैला. शैला सामंत."

"मुगभाटातली? अहो, तिची जागा मार्चपासून धरलेली आहे. मानकर आलेले ना ते, त्यांनी त्याच दिवशी पहिल्या तीन महिन्यांची फी भरली. पुढे नव्या पैशांची भानगड नको म्हणाले. आठवड्याला एक चक्कर असते त्यांची. जागा आहे ना, विचारतात नि जातात. तुम्हाला ठाऊक नाही?"

मी मट्कन खालीच बसले. बेबी म्हणाली, "हुश्श."

"पण त्यांनी तर मला शाळा नापास सांगितली!"

कुमुदबाई हसल्या. मग हसणं आवरून माझ्याजवळ बसल्या.

"तुमच्या त्या बापूंना मी हसण्यावारी नेलं होतं हो. सकाळभर बसले, गाणी म्हटली, खाऊ खाल्ला, डबा नसलेल्या एका पोराला आपल्यातला दिला. आमच्याकडे पद्धत अशी, साडेअकराला मुलं ओळीने बसतात. घरचं माणूस जिन्याच्या तोंडाशी आलं की मी नाव घेते, मग ते मूल उठतं. रस्ता वाहता आहे, एकट्याला सोडत नाही. त्या दिवशी सगळी मुलं गेली. हे बसलेलेच. मी म्हटलं, बापू, शाळा सुटली. तर म्हणाले, 'बाई, मला न्यायला कुणी आलेलं नाही.'"

मी बेबीला मांडीवर घेतलं.

"मी हसले. मोलकरीण हसली. तेही हसले. पण उठले नाहीत हो. साडेबारा वाजले. शेवटी मीच कुलूप लावलं आणि त्यांना नाक्यापर्यंत सोडून आले."

घरी येईपर्यंत माझा राग होता कुठे नि गेला कुठे, मलाच कळेना. तशीच बापूंच्या दारात उभी राहिले. ते खिडकीशी बसून टोपी ब्रशने साफ करत होते.

"बापू, पायऱ्या बारा आहेत."

ब्रश थांबला. "मोजल्यास वाटतं," म्हणाले.

"तीन महिने! तीन महिने मला वेड्यासारखं नाचवलंत. माझी नोकरी गेली असती, कळतंय का तुम्हाला?"

"नसती गेली. गेली नसती हो सूनबाई. जागा धरली होती ना मी. तू आज गेली नसतीस तर उद्या मीच सांगणार होतो." मग टोपी मांडीवर ठेवून खालीच बघत म्हणाले, "शाळा चांगली आहे. पहिल्या तासालाच कळलं मला. त्या बाई पोरांची नाकं स्वतःच्या पदराने पुसतात. पण तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू पाटी आणली असतीस. दप्तर शिवायला घेतलं असतंस. वैनींनी, तुझ्या सासूबाईंनी, तिला 'आता शाळेत जायचं हं' म्हणायला सुरुवात केली असती. घरात मार्चातच जून आला असता. मला तीन महिने हवे होते गं. सकाळी नऊला येते, बापू, पेपर आला का, विचारते. मला आजवर कुणी काही विचारलेलं नाही."

शेजारून सासूबाई ऐकत होत्या. तांदळाचं सूप हातात तसंच. त्या म्हणाल्या, "मग पेपर दुपारी वाचा. पेपर काय नासतो का दुपारपर्यंत?" आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवायला लागल्या.

मी रडले. सांगायला लाज कशाची? चिडून रडले, की सुटल्यासारखं वाटून रडले, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

शाळेचा पहिला दिवस माझा नि बेबीचा एकच आला. पहिला आठवडा घरच्या एका माणसाने आत बसलं तर चालेल, असं कुमुदबाई म्हणाल्या होत्या. बापू पहाटेपासून दाढी करून तयार. मी माझ्या शाळेत गेले, पण लक्ष कशातच नव्हतं. हजेरी घेताना एका मुलाचं नाव दोनदा घेतलं. पहिला दिवस म्हणून मुलांना लवकर सोडलं, तशी मी पळतच निघाले.

साडेअकराला कांदेवाडीचा जिना बायकांनी भरला होता. मी कडेकडेने वर गेले. आत बघते तर बेबी! एका जाड्या मुलीशी लाल चेंडूवरून भांडत होती. "माझाय! माझाय! सोड ना!" असा गळा काढून. जन्मात पहिल्यांदा आमची पोर साडेतीन वर्षांची दिसली. मला इतका आनंद झाला की तिला दटावायचं सुचलंच नाही.

बापू भिंतीशी, ओळीच्या अगदी शेवटी, मांडी घालून बसले होते. छत्री मांडीवर. बेबीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं म्हणे सकाळपासून. ते तिच्याकडे बघत होते, मग दाराकडे, पुन्हा तिच्याकडे. मी बायकांच्या गर्दीत मागे होते, त्यांना दिसत नव्हते.

एकेक नाव येत गेलं, एकेक मूल उठत गेलं. "शैला सामंत!" कुमुदबाईंनी हाक मारली. बेबी चेंडू टाकून धावत येऊन माझ्या पायांना बिलगली.

"आणखी एक न्यायचंय, बाई," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. "त्यांचं नाव घ्या ना."

कुमुदबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आत वळून, इतर मुलांना मारतात तशीच हाक मारली, "बापू मानकर!"

बापूंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी दारात मला पाहिलं. भिंतीचा आधार घेत उठले, गुडघे दोनदा कटकटले, धोतर झटकलं. कुमुदबाईंच्या पुढ्यात येऊन टोपी नीट केली आणि म्हणाले, "येतो हं बाई. मला घरून न्यायला आलेत."